देवाच्या लग्नाचं वऱ्हाड

तुळशीचं लग्न उरकल्यावर गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते, की देवांच्या लग्नांविषयी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. दोन-चार पत्रं येतील असं वाटलं होतं. आली चाळीसच्या वर, आणि त्यातली निम्मी खंडोबाची. ज्या प्रश्नांनी मला उठून कपाटातली जुनी टिपणं काढायला लावली, तेवढेच इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच कबूल करते. माझं गाव नेवासे, आणि नेवासे हे म्हाळसेचं माहेर. तेव्हा खंडोबाच्या घरातल्या भांडणात माझ्याकडून निःपक्षपाती निवाडा मिळणार नाही.

प्रश्न : बाई, जेजुरीला गेलो होतो. म्हाळसा गडावर देवाशेजारी आणि बाणाई अर्ध्या वाटेवर. माझ्या सातवीतल्या मुलीने पायऱ्यांवरच विचारलं, ‘देवाने दुसरं लग्न का केलं? आणि केलं तर तिला खाली का ठेवलं?’ मला काही सांगता येईना. (एक वाचक, पुणे)

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिचा दुसरा प्रश्न पहिल्याहून चांगला आहे.

आधी कथा. नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक म्हाळसा. ती मोहिनीचा अवतार. नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे, आणि विष्णूने मोहिनी होऊन अमृत वाटलं ते आमच्याच गावात, याबद्दल गावात कुणालाही शंका नाही. खंडोबा तिमशेटच्या स्वप्नात गेला, लेक मागितली आणि पौष पौर्णिमेला पालीला, म्हणजे आजच्या कराड तालुक्यातल्या पालला, लग्न लागलं. पुढे एकदा सारीपाटात देव म्हाळसेकडून हरला आणि बारा वर्षं घराबाहेर पडला. निघाला तो थेट धनगराच्या वाड्यावर गेला, वेष पालटून बाणाईच्या बापाची मेंढरं राखू लागला. एक दिवस सगळी मेंढरं मारून टाकली आणि म्हणाला, लेक देत असशील तर उठवतो. बाप काय करणार! नळदुर्गाला लग्न लागलं. जोडी जेजुरीला आली तर म्हाळसेने घरात घ्यायचं नाकारलं. मग वाटणी झाली. वरचा गड म्हाळसेचा, अर्ध्या डोंगरावरची जागा बाणाईची.

आता मुलीला उरलेल्या तिघींची नावं सांगा. रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई, जिला कुठे तेलीण म्हणतात तर कुठे बागवान. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. पाचही जणींच्या नावापुढे जात लागलेली आहे, हे तिला बरोबर दिसेल. देव सगळ्यांचा आहे हे पोथीत सांगायला एक ओळ पुरते. आपल्या माणसांना ते तेवढ्यावर पटत नाही. ‘तो आमचा जावई आहे’ म्हटलं की पटतं. जावई झाला की देऊळ आपलं, तळी उचलायला आपण, पालखीच्या मानपानात आपला वाटा आणि भांडायचा हक्कही आपला. ग्युंथर सोंथायमर (१९३४–१९९२) हे जर्मन अभ्यासक धनगरांच्या ओव्या गोळा करत महाराष्ट्रात वर्षानुवर्षं हिंडले. देवाची कुंडली त्यांनी देवळाइतकीच मेंढवाड्यावर शोधली. मला वाटतं, जागा बरोबर निवडली होती.

बाणाई खाली का, याचं उत्तर मात्र गोड करून सांगू नका. डोंगरावर देव चढला तशी त्याच्यामागून जातीची उतरंडही चढली. वर वाण्याची लेक, खाली धनगराची. सातवीतल्या मुलीला हे कळतं.

माझी स्वतःची गंमत सांगते. लहानपणी आमच्याकडच्या जागरणात दोघी सवतींचं भांडण लागलं की म्हाळसेचीच सरशी व्हायची. तेच खरं समजून मी मोठी झाले. नोकरीत असताना एका धनगर विद्यार्थ्याच्या घरी जागरणाला गेले. वाघ्याने विचारलं, ‘बाईंचं गाव कंचं?’ मी नेवासे म्हणाले. तो दिमडी सावरत हसला, ‘मंग आज तुमची हार हाय.’ आणि खरंच, पहाटेपर्यंत बाणाईने म्हाळसेला एक शब्द बोलू दिला नाही.

प्रश्न : पौषात आपण लग्न करत नाही. मग पालच्या खंडोबाचं लग्न पौषात कसं? आणि शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाचं चैत्रात? (एक वाचक, फलटण)

हे माझ्याही ध्यानात फार उशिरा आलं. जुनी माणसं लग्नाचे महिने बोटांवर मोजत: मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन, वैशाख, ज्येष्ठ. त्यात पौष नाही, चैत्रही नाही. देवांनी नेमके तेच उचलले.

शिंगणापुरात चैत्र शुद्ध पंचमीला हळद लागते आणि अष्टमीला लग्न. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, लोक त्यांना शिवपार्वती मानतात. लग्नाची खूण म्हणून महादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत धज बांधतात. धज म्हणजे लांबच लांब विणलेलं पागोटं. दोन कळसांच्या मध्ये, माणसांच्या डोक्यावरून ते ताणलेलं असतं, आणि खाली उभं राहिलं की आपण मांडवात आहोत असंच वाटतं. पुढे द्वादशीला मुंगी घाटाने कावडी चढतात. एवढ्या उभ्या कड्याला मुंगी हे नाव ज्याने दिलं त्याने तो कडा खालून, कावडी वर जाताना पाहिला असणार.

कारण विचाराल तर मी माझा तर्क सांगते, शास्त्रार्थ म्हणून घेऊ नका. घरचं लग्न आणि देवाचं लग्न एका महिन्यात आलं तर माणूस जाणार कुठे? घोडा तोच, वाजंत्री तेच, आचारी तेच. पौषात रब्बी उभी असते, चैत्रात खळी उरकलेली असतात. माणसाला आपल्या घरचं लग्न काढता येत नाही आणि गाडी जुंपायला हरकत नसते, असे हे महिने. देवाने आपली तिथी वऱ्हाड्यांच्या सोयीने धरली. मनुष्यजातीत असा नवरदेव मी पाहिला नाही.

माण तालुक्यातच म्हसवडला मात्र सिद्धनाथ आणि जोगेश्वरी तुळशीच्या लग्नाची तिथी धरतात आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथातून वरात निघते. म्हणजे माझ्या तर्काला तिथल्या तिथे भोक पडतं. पडू द्या.

प्रश्न : आम्ही अमरावतीकडचे. रुक्मिणी आमची लेक. पंढरपुरात तिचं देऊळ विठ्ठलापासून वेगळं पाहून दर वेळी वाईट वाटतं. उभा जन्म शेजारी उभं राहायचं सोडून असं का? (एक वाचक, तिवसा)

तिवशाच्या माणसाने हे विचारावं यात नवल नाही; कौंडण्यपूर तुमच्याच तालुक्यात, वर्धेच्या काठावर. भीष्मक राजाची राजधानी, रुक्मिणीचं माहेर. अंबेच्या देवळातून कृष्णाने तिला रथात घातलं ते देऊळ कौंडण्यपूरचं, असं तिथले म्हणतात. अमरावती शहरातले लोक तो मान आपल्या अंबादेवीला देतात. हा वाद मिटू नये. एका मुलीची दोन गावं माहेर म्हणून भांडत असतील तर मुलीचं बरंच चाललं आहे.

आता वेगळ्या देवळाचं. कथा अशी की द्वारकेत राधा आली आणि कृष्णाच्या मांडीवर बसली. रुक्मिणी ते पाहून उठली ती थेट दिंडीरवनात. पंढरपुरात लखूबाईचं ठाणं दाखवतात ते तेच. तिला शोधत देव भीमेकाठी आला, वाटेत पुंडलिकाने वीट फेकली आणि देव त्या विटेवर राहिला. म्हणजे आपल्या सगळ्या वारीच्या मुळाशी एक रुसवा आहे. बायकोची समजूत काढायला निघालेला नवरा वाटेत दुसऱ्याच कामात अडकला, आणि ते काम अजून संपलेलं नाही. रुक्मिणीने आपलं घर वेगळं ठेवलं तर तिला कोण नावं ठेवणार! मला तर तिचा गाभारा वेगळा आहे याचा आनंद होतो. विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवून माणूस बाहेर येतो आणि मग पुन्हा मुद्दाम तिच्याकडे जातो. शेजारी उभी असती तर एकाच नमस्कारात उरकलं असतं.

डॉ. रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाची मुळं गवळी-धनगरांच्या देवात दाखवली. ते वाचल्यावर जेजुरी आणि पंढरपूर मला एकाच घरातली भावंडं वाटू लागली. दोन्हीकडे रानातला देव आणि रुसलेली बायको.

लग्न मात्र दर वर्षी लागतं. वसंत पंचमीला, म्हणजे माघ शुद्ध पंचमीला, पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीच्या डोक्यावर अक्षता पडतात आणि तेव्हापासून रंगपंचमीपर्यंत देव पांढऱ्या पोशाखात असतो. आषाढीला कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पायी निघते. बाकीच्या पालख्या संतांच्या, ही माहेरची. वऱ्हाडातून निघालेलं वऱ्हाड म्हणायचं.

प्रश्न : मुलगी एकतीस वर्षांची आहे, चांगली नोकरी आहे, स्थळं येतात पण जमत नाही. नणंद म्हणते ‘रुक्मिणी स्वयंवरा’चं पारायण करायला लावा. कुणी तमिळनाडूतल्या तिरुमणंचेरीला जा म्हणतं. काय करावं? (एक आई, नाशिक)

तिरुमणंचेरी मायिलादुतुरैजवळ आहे. कल्याणसुंदरेश्वर म्हणजे नवरदेव झालेला शिव. लग्न ठरत नाही ती मुलं-मुली तिथे हार घेऊन जातात, देवाच्या गळ्यातला एक हार घरी आणतात, आणि लग्न झाल्यावर जोडीने तो हार घेऊन परत जातात. प्रवास चांगला आहे. मुलीला जायचं असेल तर जा, तुम्हाला जायचं असेल तर तुम्ही जा. तिला गाडीत कोंबून नेऊ नका.

पारायणाचं मला जास्त बोलायचं आहे. एकनाथांनी हा ग्रंथ १५७१ साली काशीत पुरा केला. उपवर मुलीने वाचायचा, ही रीत घरोघर आहे. पण आत काय आहे हे मुलीला वाचायला सांगणाऱ्या किती जणींनी पाहिलंय? भावाने, रुक्मीने, शिशुपालाशी ठरवून टाकलं आहे, पाहुणे दारात उतरले आहेत, आणि मुलगी एका ब्राह्मणाच्या हाती, ज्याला तिने डोळ्यांनी पाहिलेलंही नाही अशा पुरुषाला पत्र धाडते. भागवताच्या दशम स्कंधात ते पत्र सात श्लोकांचं आहे. त्यात विनवणी आहे तशी योजनाही आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीच्या दर्शनाला जायची पद्धत आहे, मी नगराबाहेर देवळात येईन, तिथून मला ने. इतकं चोख नियोजन मी शाळेच्या सहलीचंही केलं नाही.

गंमत अशी की मुलीने स्वस्थ बसून वाट पाहावी म्हणून आपण तिच्या हाती हा ग्रंथ देतो. तेव्हा जरूर द्या. वाचून झालं की शेजारी बसा आणि विचारा, ‘तुला कुणाला पत्र लिहायचं आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं तर रुक्मीसारखे वागू नका. ‘नाही’ आलं तर नणंदेला चहा करून द्या आणि विषय बदला.

प्रश्न : बदलीमुळे आम्ही हैदराबादला आलो. रामनवमीला इथे पाळणा नाही, लग्न! टीव्हीवर दिवसभर भद्राचलमचा सोहळा. जन्माच्याच दिवशी लग्न कसं? (एक वाचक, हैदराबाद)

आपण दुपारी बाराला पाळणा हलवतो, तेलुगू माणसं त्याच दुपारी सीतारामांचं कल्याणम् लावतात. जन्म आणि लग्न एका तिथीला आलं तर त्यांना अडचण वाटत नाही.

भद्राचलमचं देऊळ गोदावरीच्या काठी आहे. कंचर्ल गोपन्ना हा कुतुबशाही तहसीलदार. त्याने वसुलीचा पैसा रामाच्या देवळाला लावला आणि अबुल हसन तानाशाहच्या काळात गोवळकोंड्याच्या तुरुंगात पडला. कथा म्हणते, राम-लक्ष्मण स्वतः तानाशाहकडे गेले आणि सरकारी बाकी चुकती करून आले. हाच पुढे भक्त रामदासु. गोवळकोंड्याला गेलात तर त्याची कोठडी दाखवतात, बघून या. लग्नाला सरकारकडून रेशमी वस्त्रं आणि अक्षतांत मिसळायला मोती जातात, ही रीत तानाशाहापासूनची म्हणतात. ज्याच्या दरबाराने भक्ताला डांबलं, त्याच दरबाराचा आहेर. आमच्या नेवाशाची प्रवरा टोक्याला गोदावरीत मिळते आणि तेच पाणी खाली भद्राचलमला जातं. त्यामुळे या लग्नाची मी स्वतःला आमंत्रित समजते.

उलट टोक पाहायचं तर मिथिलेत. तिथे सीतेचं लग्न मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, विवाहपंचमीला; नेपाळातल्या जनकपुरात मोठा उत्सव होतो. पण तिथले बरेच लोक त्या तिथीला आपल्या मुलीचं लग्न लावत नाहीत. आमच्या लेकीचं पुढे काय झालं ते आम्हाला माहीत आहे, म्हणतात. अयोध्या काहीही म्हणो, माहेर विसरलेलं नाही.

प्रश्न : तिरुपतीहून नवरात्रात कोल्हापूरच्या अंबाबाईला शालू येतो. म्हणजे ती बालाजीची बायको ना? (एक वाचक, सांगली)

भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूने उलट त्याचेच पाय चेपले, लक्ष्मी चिडून वैकुंठ सोडून करवीरला आली. तिच्यामागे विष्णू वेंकटाचलावर आला, तिथे त्याने आकाशराजाच्या पद्मावतीशी लग्न केलं, लग्नासाठी कुबेराकडून कर्ज काढलं. हुंडीतला पैसा त्या कर्जाचं व्याज, असं मानतात. या कथेप्रमाणे शालू पहिल्या पत्नीला येतो. पण अंबाबाईच्या मूर्तीमागे सिंह आहे, मस्तकावर नाग आणि लिंग आहे, हातात गदा आणि म्हाळुंग. कोल्हापुरात कित्येक जण ठणकावून सांगतात की ही कुणाची पत्नी नव्हे, ही आदिशक्ती. मूर्ती पाहिली तर मला त्यांचंच पटतं. शालू सुंदर असतो, तो मात्र येऊ द्यावा.

प्रश्न : मॅडम, कॉलेजच्या सहलीत घारापुरीला शिवपार्वतीच्या लग्नाचं शिल्प पाहिलं. त्यात पार्वती शंकराच्या उजवीकडे आहे. बायको डावीकडे ना? शिल्पकार चुकला का? (एक विद्यार्थिनी, पनवेल)

अगं, चुकला नाही, फार नेमका आहे तो. ती अजून बायको झालेली नाही. हे पाणिग्रहण आहे, ब्रह्मदेव होमाशी बसला आहे, बाप तिला पुढे करतो आहे. लग्न लागेपर्यंत वधू उजवीकडे, मग वामांगी. सहाव्या शतकातल्या त्या माणसाने दगडात मुहूर्ताचा क्षण धरला. तिची मान बघितलीस का? जरा खाली झुकलेली. पुन्हा गेलीस तर पोर्तुगीजांच्या काळापासून झालेली मोडतोड मनातून पुसून बघ. आणि वेरूळच्या एकविसाव्या लेण्यातही हे लग्न आहे, तेही बघून घे.

प्रश्न : तुम्ही देवाच्या लग्नांचं कौतुक लिहिता. माझी पणजी मुरळी होती. तिचंही देवाशी लग्न लावलं होतं. त्यावर लिहाल का? (एक वाचक; गाव छापू नये अशी विनंती)

लिहिते. तुमचं पत्र आल्यावर या सदराचा आधीचा मजकूर मी दोनदा वाचला.

नवसापोटी लहान मुलगी खंडोबाला वाहायची, भंडारा लावून देवाशी तिचं लग्न लावायचं, ही प्रथा होती. वर मी म्हटलं की देवाला जावई केलं की देऊळ आपलं होतं. कथेतल्या लग्नात ते खरं आहे; तिथे म्हाळसेला गड मिळाला आणि बाणाईला निदान अर्ध्या डोंगरावर हक्काची जागा. खऱ्या मुलीला या लग्नातून घर मिळालं नाही, नवऱ्याच्या इस्टेटीत वाटा मिळाला नाही, पोरांना बापाचं नाव मिळालं नाही. देव तिचा नवरा, आणि देवाच्या नावावर गावातला कोणीही. यात सोयरीक कसली! ज्या घरांत आधीच काही नव्हतं, त्या दलित-बहुजन घरांतल्या मुली यात गेल्या.

आतूनच पहिला आवाज उठला हेही लिहायला हवं. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रातून मुरळी सोडण्याच्या प्रथेवर हल्ला चढवला आणि मुरळ्यांची माणसांशी लग्नं व्हावीत म्हणून खटपट केली. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ चा. आज जागरणात मुरळी म्हणून नाचणाऱ्या बाया बहुतेक कलावंत असतात, संसारी असतात. त्यांना जुन्या नजरेने पाहू नये.

सौंदत्तीच्या यल्लम्माकडे मार्गशीर्ष पौर्णिमेला रांडाव पुनव असते. जमदग्नीला मारलं म्हणून देवीच्या बांगड्या फुटतात, आणि तिला वाहिलेल्या बायका आपल्याही फोडत. माघात आहेव पुनव, देवी पुन्हा सवाष्ण. देवीचा नवरा दोन महिन्यांत परत येतो. तुमच्या पणजीचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं आहे. ते घरातल्या पुढच्या पिढीलाही सांगा.

प्रश्न : मुलाला उत्तराखंडात त्रियुगीनारायणला लग्न करायचं आहे. शिवपार्वतीचं लग्न ‘खरं’ तिथेच लागलं का? मदुराईवालेही तसंच म्हणतात. (एक वडील, ठाणे)

त्रियुगीनारायण रुद्रप्रयाग जिल्ह्यात, सोनप्रयागच्या वर. लग्नातला होम तीन युगं विझलेला नाही असं मानतात. येणारा त्यात लाकूड घालतो आणि राख घरी नेतो. तुमच्या मुलाला एक सांगा. लग्न शिवाचं, पण देऊळ नारायणाचं. विष्णू तिथे वधूचा भाऊ होऊन उभा राहिला, ब्रह्मदेव भटजी झाला. मला ही मांडणी फार आवडते. लग्नाची जागा नवऱ्याच्या नावाने ओळखली जात नाही, मेव्हण्याच्या नावाने ओळखली जाते.

मदुराईतही तेच. मलयध्वज पांड्याची मुलगी मीनाक्षी तीन स्तन घेऊन जन्मली. होणारा नवरा दिसताच तिसरा नाहीसा होईल असं भाकीत होतं. दिग्विजय करत कैलासावर चालून गेली आणि शिव समोर येताच थबकली. कन्यादान विष्णूचं, मीनाक्षी मंदिरातल्या खांबावर तो तिचा हात शिवाच्या हातात देताना कोरला आहे. आणि चैत्रातल्या उत्सवात त्या लग्नाला भाऊच उशिरा पोहोचतो! अळगर, म्हणजे सुमारे वीस किलोमीटरवरच्या अळगरकोविलचा विष्णू, वाजतगाजत निघतो, वैगै नदीत उतरतो तेव्हा त्याला कळतं की लग्न लागून गेलं. तो रागावून नदीतूनच वळतो, वंडियूरला जातो.

इतिहास असा की हे दोन वेगळे उत्सव होते, वेगळ्या महिन्यांत. सतराव्या शतकात तिरुमलै नायकाने मीनाक्षीचं लग्न अळगरच्या उत्सवाजवळ चैत्रात आणलं, शैव आणि वैष्णव एका जत्रेत आले. तारखा तेवढ्या तंतोतंत जुळल्या नाहीत. राजाच्या वेळापत्रकातली ती फट लोकांनी भावाच्या उशिराने भरून काढली. लग्नाच्या दिवशी तिथल्या सवाष्णी गळ्यातल्या ताळीचा, म्हणजे मंगळसूत्राचा, दोरा बदलतात.

तेव्हा खरं ठिकाण कोणतं, तर जिथे मुलगी गावची आहे ते. हिमालयाला ती हिमवानाची, मदुराईला पांड्यांची, शिंगणापूरला आपली. तुमची सून कुठली ते पत्रात लिहिलेलं नाही. तिचं गाव विचारात घेतलंत का?

प्रश्न : बाई, रागावू नका. तुम्ही स्वतः लग्न केलं नाही असं ऐकलं. मग लग्नांवरच एवढं? (सही नाही)

रागावते कशाला. म्हणून तर वर ‘माझं गाव’ म्हटलं, ‘माझं माहेर’ नाही. मला एकच गाव आहे.

लग्न न झालेल्या देवीकडेही मी जाऊन आले आहे. कन्याकुमारी. शुचीन्द्रमचा शिव मध्यरात्री वरात घेऊन निघाला, आणि बाणासुराचा वध कुमारिकेच्याच हातून व्हायचा होता म्हणून नारदाने कोंबडा होऊन आरवून दिलं. मुहूर्त टळला असं समजून शिव परत फिरला. मांडवातले तांदूळ, डाळी, धान्यं तशीच पडून राहिली आणि त्यांची रंगीत वाळू झाली. देवी नटलेली, नथ घातलेली, अजून उभी आहे, आणि मला ती बिचारी मुळीच वाटली नाही. बाणासुराचं काम तिने उरकलं होतं.

शाळेच्या सहलीबरोबर गेले होते. किनाऱ्यावर वाळूच्या पुड्या विकतात: तांबडी, काळी, आणि एक अगदी कण्यांसारखी. ती मी घेतली. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी लहान डबीत आहे. भाची एकदा खिचडीत टाकायला निघाली होती.